काट्यावर न दिसणारी चरबी

मानेची घडी काळी पडली की घरोघरी बेसन, लिंबू आणि दह्याचे प्रयोग सुरू होतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची मान आई घासून घासून लाल करते, काळेपणा मात्र तसाच राहतो. मग सोलापूरच्या उन्हाला बोल लावून विषय मिटतो. इथे उन्हाला बोल लावणं सोपंच आहे म्हणा. पण हा जाडसर, मखमली काळेपणा मानेच्या घड्यांबरोबर काखेतही येतो, आणि तिथे ऊन पोचत नाही. जाणत्या डॉक्टरला तो पाहून साबण आठवत नाही, रक्तातलं इन्सुलिन आठवतं. रक्तात इन्सुलिन दीर्घकाळ गरजेपेक्षा जास्त राहिलं की ते त्वचेच्या पेशींनाही वाढीचा इशारा देऊ लागतं; पेशी भराभर वाढतात आणि कातडी जाड, काळपट होते. साखरेचा रिपोर्ट त्या वेळी अगदी नॉर्मल असू शकतो.

इन्सुलिन भरपूर आणि तरीही साखरेची गडबड, हे कोडं वैद्यकालाही उशिरा सुटलं. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं, तेव्हा मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा तुटवडा असं सरळ समीकरण होतं. १९३६ मध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ या ब्रिटिश डॉक्टरांनी दाखवून दिलं की काही रुग्णांना इन्सुलिन टोचलं तरी त्यांचं शरीर त्याला नीट दाद देत नाही. रक्तातलं इन्सुलिन अचूक मोजण्याची पद्धत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास विकसित केली आणि शंका फिटली: मोठ्या वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हतंच, उलट जास्त होतं. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

या दाद न देण्यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंनी उचलायची आणि यकृताने स्वतःकडची साखर सोडणं थांबवायचं, असा इन्सुलिनचा निरोप असतो. निरोप पोचतो, अंमलबजावणी होत नाही. मग इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड तोच निरोप आणखी मोठ्याने, म्हणजे आणखी इन्सुलिन ओतून देत राहतं. हे वर्षानुवर्षं निभतं. स्वादुपिंड थकलं की साखर वाढते, आणि आपल्याला वाटतं, मधुमेह परवाच झाला.

पेशी दाद का देत नाहीत? सोलापूरच्या मार्केट यार्डात हिवाळ्यात कांद्याची आवक फुगते तेव्हाचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. शेडमध्ये जागा असते तोवर सगळं सुरळीत चालतं. शेड भरली की पोती रस्त्यावर येतात, गाड्यांची रांग लागते, व्यवहार अडतो. शरीरात चरबीची हक्काची जागा कातडीखाली असते. तिथे मावेनाशी झाली की ती यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंच्या पेशींमध्ये शिरते, आणि तिथे इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. प्रत्येकाची साठवणीची मर्यादा वेगळी असते. म्हणून कुणी ११० किलोचा असून त्याची साखर ठीक असते, आणि कुणी ६२ किलोचा असून गोळ्यांवर असतो.

आपल्याकडे ही मर्यादा लवकर गाठली जाते. याची सगळ्यात बोलकी साक्ष पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिली, तीही स्वतःच्या शरीराची. त्यांचा आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, हुबेहूब सारखा होता, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तर युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. दोघांचा शेजारीशेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याआधी याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं तपासली होती. ही बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्पटनची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांचे स्नायू नि अवयव जितके लहान होते, तितकी त्यांची चरबी कमी नव्हती. म्हणजे वरून बारीक, आतून चरबीयुक्त ही ठेवण पोटातूनच सुरू होते. ‘आमच्या घराण्यात कुणी जाड नाही’ हे वाक्य त्यामुळे फारसं कामाचं नाही. भारतीयांसाठी जास्त वजन ठरवणारी बीएमआयची रेषाही २५ ऐवजी २३ वर ओढली आहे. त्याहून सोपं माप शिंप्याच्या टेपचं: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० च्या वर गेली की रक्त तपासून घ्यावं. पँटचा नंबर सांगू नका. पँट पोटाखाली सरकत जाते, टेप बेंबीजवळून लावायची.

आता ताटाकडे येऊ. जिल्हा ज्वारीचा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडीच्या प्रसिद्ध ‘एम ३५-१’ वाणातला ‘एम’ मोहोळचा. त्यामुळे साखर निघाली की पहिला सल्ला ठरलेला: चपाती बंद, भाकरी चालू. सल्ला वाईट नाही, पण त्यावर जेवढा भार टाकला जातो तेवढा तो पेलत नाही. १०० ग्रॅम ज्वारीत तंतू सुमारे १० ग्रॅम आणि प्रथिनं सुमारे १० ग्रॅम; न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढीच, किंबहुना किंचित जास्त. ज्वारीचा स्टार्च जरा सावकाश पचतो हा तिचा खरा फायदा. पण ७५ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे २५० कॅलरी, आणि त्यातलं बहुतांश स्टार्चच. कडक भाकरी पातळ आणि कुरकुरीत असते म्हणून ती हलकी वाटते. वाळल्याने पाणी गेलं, पीठ तेवढंच राहिलं. आमटीत चुरून तीन कधी संपल्या ते कळत नाही.

शेंगा चटणीला मात्र लोक उगाच घाबरतात. शेंगदाण्यात चरबी खूप, १०० ग्रॅमला सव्वापाचशेच्या आसपास कॅलरी, हे खरं. पण त्यात २३-२४ ग्रॅम प्रथिनंही आहेत आणि रक्तातली साखर तो अगदी थोडी वाढवतो. भाकरीसोबत दोन चमचे चटणी घेतली तर भाकरीची साखर रक्तात सावकाश उतरते. बिघाड वरून ओतलेल्या तेलाने आणि ‘अजून एक भाकरी’ने होतो. गूळ घातलेली शेंगा पोळी ही वेगळी गोष्ट. तिला चटणीच्या पुण्याईवर पास करू नये.

या भागातल्या साध्या जेवणात खरा तोटा प्रथिनांचा आहे. दोन भाकऱ्या, पातळ आमटी आणि भाताचा ढीग यात डाळ नावापुरती असते. हुलग्याचं माडगं, मटकीची घट्ट उसळ, दही, अंडी, खाणाऱ्याला मासे-मटणाचा बेताचा तुकडा, यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवं, आणि शक्यतो ते आधी खावं. कोशिंबीर-उसळ आधी आणि भाकरी-भात नंतर, एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. आणि उपवास! पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथे एकादशीविरुद्ध बोलायची माझी हिंमत नाही, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. दुप्पट खाशी कोणासाठी, हे ज्याने त्याने ठरवावं.

वजन किती उतरलं म्हणजे फरक पडतो? बऱ्याच लोकांच्या अंदाजापेक्षा कमी. अमेरिकेत ३,२३४ जणांवर झालेल्या मधुमेह प्रतिबंधक चाचणीत उद्दिष्ट होतं वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं. ७५ किलोच्या माणसाला हे सव्वापाच किलो. मधुमेह होण्याचं प्रमाण त्याने ५८ टक्क्यांनी घटलं. कारण यकृतातली चरबी सगळ्यांत आधी हलते. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी २०११ मध्ये दाखवलं की कडक कमी-कॅलरी आहाराच्या पहिल्या आठवड्यातच यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी उतरते आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मलवर येते. त्यांच्याच पुढच्या ‘डायरेक्ट’ चाचणीत असा आहार घेतलेल्या, मधुमेह होऊन सहा वर्षं न झालेल्यांपैकी ४६ टक्के लोक वर्षभरानंतर गोळ्यांविना मधुमेहाच्या रेषेखालच्या साखरेवर होते. १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के. असा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचा नसतो, आणि १५ किलो प्रत्येकाने उतरवायचेही नसतात.

चालण्याचा फायदा लोक कॅलरीत मोजतात, आणि मोजून निराश होतात. अर्धा तास चालून एक कडक भाकरीही जळत नाही. पण आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या परवानगीशिवाय उचलतो. त्यासाठी त्याच्याकडे वेगळी वाट आहे. इन्सुलिनचं ऐकलं जात नसलेल्या शरीरात ही वाट उघडीच असते. शिवाय एका व्यायामाने वाढलेली संवेदनशीलता एक-दोन दिवस टिकते. म्हणून रविवारी कंबर तलावाला पाच फेऱ्या मारण्यापेक्षा रोज जेवणानंतर गल्लीत पंधरा मिनिटं बरी. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायका, गणवेशाच्या कारखान्यात मशीनवर बसलेले कारागीर, दुकानाच्या गल्ल्यावरचे मालक, सगळ्यांचे मांड्यांचे स्नायू सारखेच निजलेले असतात. कष्ट होतात, पण हातांना.

औषधांत पहिलं नाव मेटफॉर्मिन. गलेगा नावाच्या युरोपातल्या एका रानवनस्पतीत साखर उतरवणारं द्रव्य सापडलं, त्याच जातीच्या रसायनांतून हे औषध आलं. पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये त्याचा रुग्णांवरचा वापर प्रसिद्ध केला. ते मुख्यतः यकृताला साखर सोडण्यापासून आवरतं. वजन फार उतरवत नाही, एक-दोन किलो. वरच्या अमेरिकी चाचणीत त्याने मधुमेह होण्याच्या प्रमाणात ३१ टक्के घट साधली, चालणं आणि आहाराच्या जवळपास निम्मी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय चाचणीत मात्र, जिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, दोन्ही उपाय तुल्यबळ ठरले: जीवनशैलीने २८.५ टक्के, मेटफॉर्मिनने २६.४, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर २८.२. बेरीज झाली नाही. पाळीच्या तक्रारी आणि पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनशी निगडित विकार) असलेल्या मुलींनाही ही गोळी देतात, तेव्हा ‘आमच्या मुलीला शुगर आहे का?’ म्हणून घाबरून जाऊ नये. तिथेही मूळ दुखणं बहुधा इन्सुलिनचंच असतं. गोळी जेवणासोबत घेतली तर पोट कमी बिघडतं. वर्षानुवर्षं घेणाऱ्याने, त्यातही शाकाहारी माणसाने, बी-१२ जीवनसत्त्व तपासत राहावं; या गोळीने ते उतरू शकतं. पायांच्या मुंग्या दर वेळी साखरेमुळेच येतात असं नाही.

पायोग्लिटाझोन हे जुनं औषध या सगळ्या विषयाची गंमतशीर परीक्षा घेतं. ते घेतलं की वजन वाढतं आणि तरीही इन्सुलिन रेझिस्टन्स कमी होतो. कारण ते यकृतातली चरबी काढून कातडीखाली ढकलतं. काटा पुढे गेला, शरीर सुधारलं. अर्थात ते सूज आणतं आणि हृदय कमजोर असणाऱ्यांना चालत नाही, त्यामुळे ते जपून दिलं जातं.

सध्या चर्चा आठवड्याच्या इंजेक्शनांची आहे. जेवण आतड्यात पोचलं की जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं. ते मेंदूला पोट भरल्याचं सांगतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि साखर वाढलेली असेल तरच इन्सुलिन सोडायला लावतं. आपलं स्वतःचं जीएलपी-१ दोन-तीन मिनिटांत नष्ट होतं. अमेरिकेतल्या गिला नावाच्या विषारी सरड्याच्या विषात जॉन एंग यांना त्याच्यासारखाच, पण टिकाऊ रेणू सापडला आणि त्यावरून पहिलं औषध २००५ मध्ये आलं. आजचं सेमाग्लुटाइड आठवडाभर टिकतं. मधुमेह नसलेल्या लठ्ठ लोकांत ६८ आठवड्यांत त्याने सरासरी १४.९ टक्के वजन उतरवलं. मधुमेह असलेल्यांत ९.६ टक्केच. टिर्झेपाटाइड या त्याहून नव्या इंजेक्शनाने मधुमेह नसलेल्यांत सर्वांत मोठ्या डोसला २०.९ टक्के गाठले. ते मार्च २०२५ मध्ये भारतात आलं.

माझं मत विचाराल तर ही औषधं खरी आहेत आणि त्यांना आळशी माणसाचा शॉर्टकट म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे. भूक हा चारित्र्याचा दोष नाही. पण दोन गोष्टी मेडिकलच्या काउंटरवर कुणी सांगत नाही. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला, असं सेमाग्लुटाइडच्या चाचणीत दिसलं. आणि उतरलेल्या वजनात पाव ते ४० टक्के वाटा चरबीचा नसतो, स्नायूंचा वगैरे असतो. आधीच स्नायू तोकडे असलेल्या आपल्या शरीराला हा सौदा महाग पडतो. भूक मेल्यावर उसळ आणि अंडं सोडून नुसता चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्याला तर जास्तच. म्हणून प्रथिनं आणि वजन उचलण्याचे व्यायाम इंजेक्शनबरोबरच सुरू व्हायला हवेत. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता बहुतेकांना सुरुवातीला होते. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यांनी किंवा घरात विशिष्ट प्रकारचा थायरॉइड कर्करोग असलेल्यांनी डॉक्टरांना ते आधी सांगायचं.

जुन्या गोळ्यांवर असताना आहार एकदम घटवणाऱ्यांनी एक काळजी घ्यायची. ग्लिमेपिराइड (स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल आणि कुणी उत्साहाने भाकरी निम्मी केली, किंवा आषाढीला कडकडीत उपवास धरला, तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते: घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ. डोस आधी डॉक्टरांकडून कमी करून घ्यायचा. तरी तसं झालंच तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज हेही नाव असेल तर मात्र साध्या साखरेचा उपयोग उशिरा होतो, कारण ते औषध साखर फोडणारं एन्झाइमच अडवतं. अशा घरात ग्लुकोजची पावडर ठेवलेली असावी, आणि ती कुठे आहे ते सुनेला-मुलालाही ठाऊक असावं.