रिस्टोअर केलेली जीप वेगळी, बनवलेली जीप वेगळी

पाऊस लागला की इंदुरातल्या जीपा चोरल, पातालपाणी, जानापावकडे निघतात. तिथे चहाच्या टपरीवर दर वर्षी कोणीतरी कौतुकाने सांगतोच, "रिस्टोअर्ड आहे. महूच्या मिलिटरीतून निघालेली." मी खाली वाकून बघतो. ना रिस्टोअर, ना मिलिटरी. आता वाकूनही कंटाळा आला, म्हणून हे लिहितोय.

रिस्टोअर म्हणजे काय ते ठाऊकच आहे. गाडी तीच, चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, तिचंच. झिजलेलं बदललं, सडलेला पत्रा कापून नवा लावला. करणाऱ्याकडे बिलांची चळत असते आणि मोबाइलमध्ये उघड्या चेसिसचे शंभर फोटो. पुढे चला.

बनवलेली जीप म्हणजे हरियाणातल्या मंडी डबवालीत किंवा तशाच एखाद्या वर्कशॉपात नव्याने जोडलेली. पत्रा नवा, फ्रेम नवी नाहीतर कापून जोडलेली, इंजिन महिंद्राचं डीआय डिझेल, एक्सल बोलेरोचे. चालवायला कित्येकदा महिंद्राच्या जुन्या एमएम 540 जीपपेक्षा सुखाची, हेही कबूल करतो. घोडं अडतं ते जन्मदाखल्यापाशी. हिचा स्वतःचा कागद नसतो, म्हणून कधीच भंगारात गेलेल्या एखाद्या जीपची आरसी हिच्या गळ्यात बांधतात. मग जुन्या गाड्या घेऊन, चकचकीत करून महिन्याभरात विकणारे येतात आणि हिला 'रिस्टोअर्ड' म्हणतात. त्या एका शब्दावर भाव चढतो.

फसगत होते ती इथे. आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, सीटची शिलाई बघतो, टायर दाबतो. पण आरसीतली गाडी ओळखायची ती चेसिस नंबरावरून. इंजिन अटी पाळून, परवानगी घेऊन बदलता येतं आणि आरसीवर चढवता येतं. जुना नंबर दुसऱ्याच फ्रेमवर ठोकणं ही सरळ फसवणूक. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं.

माझा मामेभाऊ राजेंद्र नगरात राहतो. त्याने अशीच एक घेतली, विकणाऱ्याचं नाव राहू द्या. ऑलिव्ह ग्रीन रंग, पुढे विंच, बॉनेटवर पांढरा तारा. आरसीवर सीजे 3बी (महिंद्राची जुनी जीप), पेट्रोल. बॉनेट उघडलं तर आत डिझेल! "आरसीवर इंजिन चढवून देतो" विकणारा म्हणाला, भावाने मान डोलावली. नावावर करायच्या वेळी मी टॉर्च घेऊन चेसिसखाली शिरलो. सगळीकडे धूळ आणि चिखल, पण नंबराभोवती वीतभर जागेवर ताजा काळा रंग. नखाने खरवडला तर खाली वेल्डिंगची शिवण लागली. नंबराचा तुकडाच दुसरीकडून कापून आणून बसवला होता. जीप अजून नावावर झालेली नाही. उन्हाळ्यात वहिनी तिच्या सपाट बॉनेटवर कुरडया वाळत घालते.

तेव्हा पेन्सिल न्या. नंबरावर सेलोटेप लावा, वरून पेन्सिल घासा, पासिंगच्या वेळी ट्रेस घेतात तसा. आकडे एका ओळीत, एका खोलीचे हवेत. मग तो कागद आरसीशी आणि परिवहन पोर्टलवरच्या नोंदीशी अक्षर अक्षर ताडून बघा. नुसत्या रिव्हेट मारलेल्या पट्टीवर विसंबू नका, पट्टी कोणीही मारतो.

आता किरकोळ. गोल दिवे दिसले की विलीज म्हणणं कृपा करून बंद करा. महायुद्धातल्या विलीज एमबीच्या जाळीत नऊ फटी आणि स्टिअरिंग डावीकडे. महिंद्राच्या सीजे 3बीला फटी सात, आणि बॉनेट उंच, कारण आतल्या इंजिनाची उंचीच जास्त. मिलिटरीची म्हणत असेल तर लिलावाचे कागद मागा. दिल्लीहून आलेली डिझेल असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी, बयाणा नंतर. आणि 'विंटेज' म्हणजे नुसती जुनी गाडी नव्हे: 2021 च्या नियमांप्रमाणे वय 50 वर्षांहून जास्त आणि गाडी मूळ रूपात हवी. डिझेल घुसवलेल्या सीजेला विंटेज म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, निघून येतो.

फोर बाय फोरच्या स्टिकरवरही जाऊ नका. पुढच्या एक्सलला प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद पोचवणारा दांडा) आहे का, वाकून बघा, नसतोसुद्धा! असेल तर मोकळ्या मातीवर फोर बाय फोरची लो (सगळ्यात हळू, जोरकस गिअर) टाका, पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडा. अॅक्सिलरेटर न देता जीप मुंगीच्या चालीने पुढे सरकली पाहिजे. डांबरावर ही परीक्षा घेऊ नका. वळताना गाडी आखडते आणि गिअरवर ताण येतो.

मला विचाराल तर रंग उडालेली, हूड फाटलेली, पण एकाच घरात राहिलेली मारुती जिप्सी घ्या. ती मिळाली नाही आणि पावले चकचकीत जीपकडेच वळली, तर पेन्सिल तरी विसरू नका. ती बाहेर काढली की विकणारा हमखास म्हणतो, "भिया, भरोसा नहीं है क्या?"

मी "नहीं है" म्हणतो आणि सेलोटेप फाडतो.