ऊतकांच्या प्रकाशीय गुणधर्मांचे मापन

सजीवांच्या ऊतकात शिरलेला प्रकाश किती शोषला जातो, किती विखुरतो आणि विखुरताना कोणत्या दिशेने वळतो, हे आकड्यांत मांडण्याच्या शास्त्राला ऊतकांच्या प्रकाशीय गुणधर्मांचे मापन म्हणतात. त्यात मुख्यतः चार राशी ठरवाव्या लागतात : शोषण गुणांक, प्रकीर्णन (म्हणजे विखुरणे) गुणांक, प्रकीर्णनाचा पुढच्या दिशेकडील कल दाखवणारा दिशांक आणि अपवर्तनांक. मऊ ऊतकांचा अपवर्तनांक 1.4 च्या आसपास असतो, तर दिशांक बहुधा 0.9 च्या जवळ असतो (1 म्हणजे अगदी सरळ पुढे). म्हणजे प्रत्येक टकरीत प्रकाशकण मूळ दिशेपासून थोडाच ढळतो आणि आपली दिशा पुरती विसरण्यासाठी त्याला अनेक टकरी घ्याव्या लागतात.

या मापनातली खरी अडचण शोषण आणि प्रकीर्णन एकमेकांपासून वेगळे करण्याची आहे. कोरा चहा आणि दूध यांतून पलीकडचा दिवा सारखाच मंद दिसू शकतो. पण चहाने प्रकाश गिळलेला असतो आणि दुधाने तो फक्त इकडेतिकडे फेकलेला असतो. ऊतकात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्याने प्रकाशाच्या तीव्रतेची एकच नोंद कारण सांगू शकत नाही. निकट-अवरक्त प्रकाशात दोन टकरींमधले अंतर सरासरी 0.1 मिलिमीटर इतके लहान असते, तर शोषले जाण्यापूर्वी प्रकाशकण कित्येक सेंटिमीटर भटकलेला असतो. साधारण 650 ते 950 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात रक्तातील हीमोग्लोबिन आणि पाणी या दोहोंचे शोषण कमी असते. टॉर्चवर बोटे ठेवली की त्यांच्या कडा लाल दिसतात, त्यामागेही हेच कारण आहे : हिरवा आणि निळा प्रकाश रक्त शोषून घेते, तांबडा मात्र बाहेर येतो. 1977 मध्ये फ्रान्स योब्सिस यांनी याच पट्ट्यातील प्रकाश कवटीतून आरपार पाठवून मेंदूतील ऑक्सिजनची स्थिती शस्त्रक्रियेविना पाहता येते, असे दाखवले.

शरीराबाहेर काढलेल्या पातळ नमुन्यासाठी आतून शुभ्र, जवळजवळ सर्व प्रकाश परत फेकणारा लेप दिलेला पोकळ गोल, म्हणजे इंटिग्रेटिंग स्फिअर, वापरतात. त्यात नमुन्यातून परतलेला आणि आरपार गेलेला सगळा प्रकाश गोळा होतो. न वळता सरळ गेलेला प्रकाश वेगळा मोजला, की संगणकीय गणिताने उलट दिशेने जाऊन गुणांक काढता येतात. पद्धत काटेकोर आहे, पण तिचे आकडे जपूनच वापरावेत. कापलेल्या ऊतकातले रक्त निथळते, पाणी सुकते, गोठवून वितळवलेल्या नमुन्याची रचना बदलते, आणि तो नमुना जिवंत शरीराचा प्रतिनिधी उरत नाही.

जिवंत ऊतकात मोजताना तीव्रतेच्या जोडीला दुसरी काही माहिती शोधावी लागते. एक मार्ग अंतराचा : त्वचेवर एका बिंदूतून प्रकाश सोडून तो वेगवेगळ्या अंतरांवर किती बाहेर येतो, हे पाहायचे. दुसरा मार्ग वेळेचा असून तो सर्वांत बोलका आहे. ऊतकात प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे 21 सेंटिमीटर जातो. कपाळावर 3 सेंटिमीटर अंतराने दिवा आणि संवेदक ठेवला, तर प्रौढ व्यक्तीत प्रकाशाने कापलेली वाट त्याच्या सुमारे सहापट भरते. म्हणून अतिसूक्ष्म कालावधीचा झोत सोडला, की तो बाहेर येताना पसरट होऊन येतो. त्याची चढण व शिखर मुख्यतः प्रकीर्णनाविषयी सांगतात, तर शेवटच्या उताराची घसरण शोषणाविषयी. मायकेल पॅटरसन, ब्रिटन चान्स आणि ब्रायन विल्सन यांनी 1989 मध्ये याचे गणित मांडले. झोताऐवजी कोट्यवधी वेळा प्रति सेकंद कमीजास्त होणारा प्रकाश सोडून त्याच्या लहरीतील विलंब मोजला, तरी तीच माहिती मिळते, आणि उपकरण स्वस्त पडते.

उपकरण खरे सांगते का, हे तपासण्यासाठी फॅन्टम, म्हणजे ऊतकासारखे वागणारे कृत्रिम नमुने, लागतात. शिरेतून देण्याचे दुधाळ स्निग्ध द्रावण इंट्रालिपिड प्रकीर्णनासाठी आणि काळी शाई शोषणासाठी मिसळून हवे ते मिश्रण बनवतात. टिकाऊ नमुन्यांसाठी राळेत टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःचे मोजमाप अशा नमुन्यावर पारखूनच इतरांच्या आकड्यांशी तुलना करावी.

कोरोनाच्या साथीत महाराष्ट्रातल्या अनेक घरांत आलेला पल्स ऑक्सिमीटर याच शास्त्रातून निघाला, पण त्याने शोषण आणि प्रकीर्णन वेगळे करण्याची अडचण सोडवली नाही, टाळली. ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार तो नाडीबरोबर बदलणारा भागच वेगळा काढतो आणि सहसा 660 व 940 नॅनोमीटरच्या दोन प्रकाशांतील बदलांचे गुणोत्तर घेतो. त्यावरून ऑक्सिजनची टक्केवारी काढण्याचे कोष्टक मात्र निरोगी स्वयंसेवकांवरील मोजणीतून बनवलेले असते. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही प्रकाश शोषते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी रुग्णांच्या अभ्यासात गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत ऑक्सिजनची खरी कमतरता यंत्राच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण जवळपास तिप्पट आढळले. त्वचेच्या छटांची एवढी विविधता असलेल्या आपल्या देशात ही त्रुटी दुर्लक्षिण्यासारखी नाही. सावळ्या त्वचेच्या रुग्णात यंत्राचा आकडा ठीक असूनही धाप लागत असेल, तर धमनीतील रक्ताची तपासणी करूनच खात्री करावी लागते.