केबीएस १ (दक्षिण कोरियाची राष्ट्रीय वाहिनी)

केबीएस १ म्हणजे कोरियन ब्रॉडकास्टिंग सिस्टीमचं मुख्य टीव्ही चॅनल, सोलमध्ये चॅनल ९.

चॅनल नक्की कधी सुरू झालं यावर मात्र मतं वेगळी आहेत. काहीजण मोजणी १२ मे १९५६ पासून धरतात, त्या दिवशी सोलमध्ये एचएलकेझेड हे कोरियातलं पहिलं टीव्ही स्टेशन सुरू झालं, पण ते खाजगी होतं, आरसीए या अमेरिकन कंपनीच्या तिथल्या एजंटांनी काढलेलं, वर्षभरातच ते एका वृत्तपत्राच्या मालकाकडे गेलं आणि नाव डीबीसी झालं. २ फेब्रुवारी १९५९ ला स्टेशन आगीत जळालं, मग अमेरिकन सैन्याच्या चॅनलवर थोडा वेळ मागून घेऊन कार्यक्रम चालू ठेवले, तेही १९६१ मध्ये थांबलं. त्याची ९ नंबरची जागा पुढे केबीएसला मिळाली, म्हणून वारसा सांगितला जातो. पण मालकी वेगळी, परवाना वेगळा, त्यामुळे ३१ डिसेंबर १९६१ हीच तारीख धरणं जास्त बरोबर वाटतं. (१९२७ ही केबीएसच्या रेडिओची तारीख, जपानी राजवटीतली, ती इथे मिसळू नये.)

१९६१ च्या मे महिन्यात लष्कराने सत्ता घेतली होती आणि नव्या सरकारला टीव्ही नाताळची भेट म्हणून द्यायचा होता, पण नामसान टेकडीवरच्या स्टुडिओची तयारी पुरी झाली नाही म्हणून वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. १९६३ पासून टीव्ही असलेल्यांकडून फी, मार्च १९७३ मध्ये सरकारी खात्याचं सार्वजनिक महामंडळ झालं, १९७६ ला यॉइदो बेटावर मुक्काम. १९८० च्या शेवटी लष्करी सरकारने टीबीसी हे खाजगी चॅनल केबीएसमध्ये विलीन केलं, ते केबीएस २ झालं, रंगीत प्रसारणही तेव्हाचंच.

३० जून १९८३ ला कोरियन युद्धात ताटातूट झालेल्या नातेवाइकांना शोधायचा ९५ मिनिटांचा कार्यक्रम ठरला होता. लोकांची एवढी रीघ लागली की तो १३८ दिवस, एकूण ४५३ तास ४५ मिनिटं चालला, माणसं पाट्या घेऊन यॉइदोत बसून राहिली, भिंती कागदांनी भरल्या, आणि १०,१८९ कुटुंबांची भेट झाली. या चॅनलने केलेलं सगळ्यात मोठं काम हेच. २०१५ मध्ये युनेस्कोने या नोंदी जागतिक स्मृती यादीत घेतल्या.

१९८६ मध्ये सरकारधार्जिण्या बातम्यांवरून फी न भरण्याची चळवळ झाली. १९९४ मध्ये फी वीजबिलात जोडली आणि केबीएस १ वरच्या जाहिराती बंद झाल्या.