रुग्णालयीन संगणक प्रणालींची आंतरजोडणी

रुग्णालयीन संगणक प्रणालींची आंतरजोडणी : रुग्णालयातील वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगवेगळ्या काळात घेतलेल्या संगणक प्रणालींनी व तपासणी यंत्रांनी रुग्णाची माहिती एकमेकांना पाठवावी आणि पाठवणाऱ्याच्या मनातला अर्थच घेणाऱ्यापर्यंत पोहोचावा, यासाठी केली जाणारी व्यवस्था. रोजच्या बोलण्यात याला ‘इंटरफेसिंग’ किंवा ‘इंटिग्रेशन’ म्हणतात. आकडे एका यंत्रातून दुसऱ्यात नेणे हा यातला सोपा भाग आहे. ते आकडे त्याच रुग्णाचे आहेत आणि त्यांचा अर्थ वाटेत बदललेला नाही, याची खात्री करणे हा अवघड भाग, आणि बहुतेक वेळ त्यातच जातो.

नाशिक जिल्ह्यात या कामाला वेगळे महत्त्व आहे, कारण इथला रुग्ण एका ठिकाणी थांबत नाही. सुरगाणा, पेठ, कळवण भागातला रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, तिथून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात, हृदय किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असेल तर शहरातल्याच शालिमार भागातल्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात येतो. मध्येच कोणीतरी सुचवले म्हणून मुंबई नाका किंवा गंगापूर रोडच्या खाजगी रुग्णालयात एक फेरी होते, सोनोग्राफी तिसरीकडे, रक्त चौथीकडे. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर आणि नवा नोंदणी क्रमांक. या सगळ्यांना जोडणारा दुवा आजही बहुधा नातेवाइकाच्या हातातली प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि घडी पडून फाटलेले रिपोर्ट असतात.

रुग्णालयाच्या आत

मध्यम आकाराच्या रुग्णालयात नोंदणी व बिलिंगची मुख्य प्रणाली (एचआयएस), प्रयोगशाळेची प्रणाली (एलआयएस), एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या प्रतिमा साठवणारी प्रणाली (पॅक्स), औषध दुकानाचे सॉफ्टवेअर आणि विम्याचे दावे हाताळणारे टीपीए डेस्क एवढे तरी असतेच. ही एकाच विक्रेत्याकडून क्वचितच येतात. बिलिंग आधी येते, कारण पैशांचा हिशेब थांबत नाही. प्रयोगशाळा नंतर, आणि पॅक्स नवे सीटी मशीन आले की त्याच्यासोबत. जोडणीचा विचार सगळ्यात शेवटी होतो. खरेदीच्या करारात ‘इंटरफेस देणे बंधनकारक’ ही एक ओळ नसेल, तर पुढे प्रत्येक जोडणीचे वेगळे पैसे मोजावे लागतात आणि विक्रेत्यांच्या मागे लागण्यात महिने जातात.

साध्या सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) प्रवास पाहिला तरी कामाचे स्वरूप कळते. वॉर्डातून ऑर्डर पडते. मुख्य प्रणाली तसा संदेश प्रयोगशाळेच्या प्रणालीला पाठवते, बारकोड छापला जातो आणि सिस्टर तो नळीवर चिकटवतात. नळी यंत्रात गेली की यंत्र बारकोड वाचून प्रयोगशाळेच्या प्रणालीला विचारते, ‘या नळीवर काय काय करायचे आहे?’ उत्तर मिळाले की तपासणी करून आकडे परत पाठवते. याला बायडायरेक्शनल जोडणी म्हणतात. यंत्र जुने असेल तर जोडणी एकतर्फी असते : तंत्रज्ञ नमुन्याचा क्रमांक यंत्रावर हाताने टाकतो, आणि एक अंक चुकला की एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जातो. बारकोड नीट चिकटवणे हे दिसायला किरकोळ काम आहे, पण पुढची सगळी साखळी त्यावर उभी असते. तिरका, सुरकुतलेला किंवा आधीच्या लेबलावर चढवलेला बारकोड यंत्राला वाचता येत नाही.

बरीच तपासणी यंत्रे अजूनही सीरिअल पोर्ट या जुन्या प्रकारच्या जोडातून एएसटीएम नावाच्या जुन्या पद्धतीने बोलतात. त्यांच्यामागे एक छोटा कन्व्हर्टर बसवून ती नेटवर्कवर आणली जातात. लाईट जाऊन आली आणि त्या कन्व्हर्टरने नेटवर्ककडून नवा पत्ता घेतला, की यंत्र चालू, संगणक चालू, पण रिपोर्ट येत नाहीत. म्हणून अनुभवी माणूस अशा प्रत्येक खोक्याला कायमचा पत्ता देतो आणि तो खोक्यावरच चिकटवून ठेवतो.

यापुढची अडचण एककांची. डेंग्यूच्या दिवसांत वॉर्डात सतत विचारली जाणारी गोष्ट म्हणजे प्लेटलेट. यंत्र ‘४२’ पाठवते. त्याचा अर्थ प्रति मायक्रोलिटर ४२ हजार. नातेवाईक आणि डॉक्टर दोघेही लाखांत बोलतात, त्यामुळे कुठे ‘४२,०००’ छापतात, कुठे ‘०.४२ लाख’. यंत्राच्या आकड्याला किती हजारांनी गुणायचे, हे दोन प्रणालींमधल्या एका कोष्टकात लिहिलेले असते. यंत्र बदलले आणि कोष्टक तसेच राहिले, तर रिपोर्ट नेटका दिसतो आणि आकडा साफ चुकीचा असतो. म्हणून नवी जोडणी सुरू करताना काही दिवस यंत्राच्या पडद्यावरचा आकडा, प्रयोगशाळेच्या प्रणालीतला आकडा आणि वॉर्डात दिसणारा आकडा हे तिन्ही शेजारी ठेवून तपासावेच लागतात. पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहून मान्यता दिल्याशिवाय जोडणी सुरू करू नये, यात सवलत नसावी.

भाषा आणि मानके

प्रणालींच्या आपसातल्या बोलण्याची सर्वांत रुळलेली रीत म्हणजे एचएल७. हे मानक ठरवणारी त्याच नावाची संस्था १९८७ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीचे संदेश आजही जगभरच्या रुग्णालयांत धावतात. संदेश म्हणजे उभ्या रेघांनी तुटक केलेल्या ओळी, प्रत्येक ओळीला तीन अक्षरांचे नाव : पीआयडी ओळीत रुग्ण कोण, ओबीआरमध्ये कोणती तपासणी, ओबीएक्समध्ये निकाल, एकक, सामान्य मर्यादा आणि तो जास्त की कमी याची खूण. रुग्ण भरती झाला तर ‘ए०१’, डिस्चार्ज झाला तर ‘ए०३’, माहिती बदलली तर ‘ए०८’. घेणारी प्रणाली पोच देते. पण पोच म्हणजे संदेश हाती पडला एवढेच. तो रुग्णाच्या फाइलमध्ये जाऊन बसला का, हे वेगळे पाहावे लागते. नवखी मंडळी इथेच फसतात : संदेशांच्या यादीत सगळे हिरवे, म्हणजे पोहोचलेले दिसतात आणि आयसीयूत पोटॅशियमचा रिपोर्ट नाही म्हणून फोन वाजतो.

तपासण्यांना सामाईक क्रमांक देणारी लॉइंक ही यादी १९९४ मध्ये सुरू झाली. तिच्यात हिमोग्लोबिन ७१८-७ आहे आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तद्रवातले क्रिएटिनिन २१६०-०. निदाने आणि लक्षणे यांच्यासाठी स्नोमेड सीटी ही संज्ञांची यादी आहे. भारत २०१४ मध्ये ती सांभाळणाऱ्या संस्थेचा सदस्य झाला, त्यामुळे देशात ती मोफत वापरता येते. एवढे असूनही अनेक प्रयोगशाळांत ‘एचबी’, ‘हिमोग्लोबिन’ आणि ‘एचजीबी’ अशी एकाच तपासणीची तीन नावे नांदत असतात, आणि तीनही एकाच क्रमांकाशी जुळवण्याचे कंटाळवाणे काम कोणाला तरी करावेच लागते. ते संगणकाच्या माणसाने एकट्याने करण्याचे काम नाही. शेजारी प्रयोगशाळेचा माणूस हवा.

प्रतिमांसाठी डायकॉम हे मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८५ ची, आजचे नाव १९९३ पासूनचे. सीटी मशीन आणि पॅक्स यांची ओळख करून द्यायला तीन गोष्टी लागतात : नेटवर्कचा पत्ता, पोर्ट आणि ‘एई टायटल’ नावाची जास्तीत जास्त सोळा अक्षरांची खूण. यातले एक अक्षर लहान-मोठे झाले तरी बरीच यंत्रे एकमेकांना ओळखत नाहीत. नोंदणीत देवनागरीत लिहिलेले नाव जुन्या यंत्राच्या पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग होऊन उमटते, म्हणून नावे रोमन लिपीत भरली जातात. त्यातून पुढचा, आणि माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत गंभीर प्रश्न सुरू होतो.

रुग्णाची ओळख

मराठी नाव रोमन लिपीत एकाच रीतीने लिहिले जात नाही. उज्ज्वलामध्ये ‘जे’ एक की दोन, गायकवाडमध्ये ‘वाय’ की ‘आय’, हे खिडकीवर बसलेल्या माणसाच्या सवयीवर ठरते. मधले नाव वडिलांचे की पतीचे, हेही दर वेळी सारखे नसते. जन्मतारीख माहीत नसलेल्या ज्येष्ठांच्या आधारवर १ जानेवारी असते, आणि एकाच गावातले दहा जण एकाच दिवशी जन्मलेले दिसतात. मोबाइल क्रमांकावरून जुळवावे, तर घरात एकच फोन आणि तोही मुलाच्या नावावर.

स्त्रियांच्या नोंदी सर्वांत जास्त विखुरतात. लग्नानंतर आडनाव तर बदलतेच, काही घरांत पहिले नावही बदलते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने गरोदरपणातल्या तपासण्या सासरच्या तालुक्यात एका नावाने आणि प्रसूती माहेरच्या तालुक्यात दुसऱ्या नावाने नोंदली जाते. आधार अद्याप माहेरच्याच नावाचे असते. रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्याची नोंद पहिल्या ठिकाणी राहिली, तर दुसऱ्या ठिकाणी ती तपासणी पुन्हा करावी लागते, आणि घाईत ती राहून गेली तर पुढच्या बाळाला धोका असतो. बाळाचीही तीच गत. त्याला नाव नसते, म्हणून ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव. जुळी असतील तर एक आणि दोन. बारसे झाले की नाव बदलते, पण लसीकरणाची नोंद, पिवळेपणाची तपासणी, अतिदक्षता विभागातले दिवस हे सगळे जुन्या नावावरच पडून राहते.

एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी सापडल्या की त्या एकत्र करता येतात. एचएल७मध्ये त्यासाठी ‘ए४०’ हा वेगळा संदेशच आहे. तो प्रत्येक जोडलेल्या प्रणालीने पाळावा लागतो; प्रयोगशाळेने पाळला आणि पॅक्सने नाही, तर रिपोर्ट एका क्रमांकावर आणि सीटी दुसऱ्यावर राहते. पण दोन वेगळ्या माणसांच्या नोंदी चुकून एकत्र करणे हे दुहेरी नोंदीपेक्षा फार वाईट. दुहेरी नोंदीत माहिती अपुरी पडते, चुकीच्या विलीनीकरणात दुसऱ्याची ॲलर्जी आणि दुसऱ्याचा रक्तगट आपल्या माथी येतो. म्हणून संगणकाने फक्त संशयित जोड्या दाखवाव्यात आणि निर्णय वैद्यकीय अभिलेख विभागातल्या माणसाने रुग्णाला किंवा नातेवाइकाला विचारून घ्यावा. गाव, वडिलांचे नाव, आधी कधी भरती होता, कशासाठी, असे चार प्रश्न मराठीत विचारले की जे कळते ते कोणत्याही गणिती सूत्रातून कळत नाही.

राष्ट्रीय व्यवस्था

केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली. २७ सप्टेंबर २०२१ पासून ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन म्हणून देशभर सुरू झाले. यात नागरिकाला ‘आभा’ हा १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक मिळतो, तो ऐच्छिक आहे. नोंदी एका मध्यवर्ती कोठारात जमा होत नाहीत. ज्या रुग्णालयात तयार झाल्या तिथेच राहतात, आणि रुग्णाने संमती दिल्यावर दुसऱ्या ठिकाणी कूटबद्ध होऊन जातात. कोणत्या नोंदी, कोणत्या कालावधीतल्या, कशासाठी आणि किती दिवस पाहायच्या, हे संमतीतच ठरते. नोंदींचा साचा ‘फायर’ या नव्या एचएल७ मानकाच्या चौथ्या आवृत्तीवर बेतलेला आहे. भारतीय साचे पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय संसाधन केंद्र तयार करते.

रचना विचारपूर्वक केलेली आहे. तरी ओपीडीच्या रांगेत क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळाले म्हणजे नोंद जोडली गेली, असा समज पसरला आहे तो दूर व्हायला हवा. टोकन हे फक्त नोंदणीचे. डिस्चार्ज सारांश किंवा रिपोर्ट आभाशी जोडण्यासाठी रुग्णालयाच्या प्रणालीने पुढचा टप्पा पूर्ण केलेला असावा लागतो. शिवाय स्कॅन केलेली पीडीएफ चढवली तरी नियम पाळला जातो, पण त्या चित्रातून क्रिएटिनिनचा आकडा काढून मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. डायलिसिसच्या रुग्णाला तोच आलेख हवा असतो.

विम्याच्या बाजूनेही दडपण वाढते आहे. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस मंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णांसाठी आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) स्वतंत्र पोर्टलवर कागद चढवावे लागतात. एकच निदान तीन ठिकाणी तीनदा टाइप करणे हे आजचे वास्तव आहे; ते कमी करण्यासाठी फायरवरच आधारलेली राष्ट्रीय आरोग्य दावे विनिमय व्यवस्था आणली गेली आहे.

सिंहस्थ

२०१५ च्या कुंभमेळ्यात नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तात्पुरत्या दवाखान्यांतील रुग्णांच्या नोंदी टॅबलेटवर घेऊन साथीची चाहूल लवकर लागावी असा प्रयोग झाला. त्याच सुमारास मूळचे नाशिकचे, एमआयटीतील संशोधक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ भरले आणि स्थानिक तरुण आरोग्याच्या प्रश्नांवर काम करू लागले. २०२६-२७ च्या सिंहस्थात प्रश्न मोठा असेल : यात्रेकरू परराज्यातला, बरोबर कागद नाही, आणि गर्दीत मोबाइलचे जाळे कोलमडलेले. अशा वेळी दवाखान्याची प्रणाली नेटशिवाय चालली पाहिजे, जाळे परत आल्यावर नोंदी आपोआप पुढे गेल्या पाहिजेत, आणि नाव, वय, लिंग, मूळ गाव, मुख्य लक्षण व दिलेले औषध एवढ्यावर रुग्ण जिल्हा रुग्णालयात पाठवता आला पाहिजे. तात्पुरत्या दवाखान्यांचे क्रमांक जिल्हा रुग्णालयाच्या क्रमांकांशी कसे जुळवायचे, हे पहिला तंबू उभारण्याआधी कागदावर ठरलेले असावे लागते. पर्वणीच्या दिवशी ते ठरवता येत नाही.