मुख्यमंत्री फेलोशिप: पात्रता, कागदपत्रे आणि निवडीची पद्धत

सार्वजनिक धोरण, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा ग्रामविकास या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला जिल्हा परिषद किंवा महानगरपालिकेचा कारभार आतून पाहायचा असेल, तर महाराष्ट्र शासनाचा मुख्यमंत्री फेलोशिप कार्यक्रम हा त्यासाठीचा सर्वांत थेट मार्ग आहे. 2015 मध्ये सुरू झालेला आणि काही काळाच्या खंडानंतर 2023 मध्ये पुन्हा हाती घेतलेला हा कार्यक्रम नियोजन विभागाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय राबवते. 60 जागांच्या या फेलोशिपची मुदत 12 महिने असते.

अर्जदार भारताचा नागरिक असावा, त्याचे वय 21 ते 26 वर्षे असावे आणि कोणत्याही शाखेच्या पदवीला त्याला किमान 60 टक्के गुण असावेत. मराठी लिहिता, वाचता, बोलता येणे आवश्यक आहे, आणि ही अट रास्तच आहे, कारण ग्रामपंचायतीचा ठराव असो वा तालुक्याची आढावा बैठक, तिथले सारे काम मराठीतच चालते.

अनेक गुणवंत विद्यार्थी अडतात ते एक वर्षाच्या पूर्णवेळ अनुभवाच्या अटीपाशी. नोकरीबरोबरच पूर्णवेळ इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप किंवा आर्टिकलशिपचा काळही या अनुभवात धरला जातो. मात्र अभ्यासक्रम सांभाळून अर्धवेळ केलेल्या कामावर विसंबून राहू नये. म्हणून पदवीनंतर लगेच एम.ए.ला प्रवेश घेणाऱ्याने वयोमर्यादा आणि अनुभव यांचा हिशेब आधीच मांडावा. पूर्णवेळ काम सोडतानाच रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, पद आणि कामाचे स्वरूप नमूद केलेले प्रमाणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर घ्यावे. वर्षभराने ते मागायला गेल्यास सही करणारा अधिकारी बदललेला असू शकतो.

अर्ज ऑनलाइन भरायचा असून त्याचे शुल्क 500 रुपये आहे. पहिल्या टप्प्यात सामान्य ज्ञान, तर्कक्षमता, भाषा, माहिती तंत्रज्ञान आणि अंकगणित यांवर वस्तुनिष्ठ परीक्षा होते. तीतून निवडलेल्या 210 उमेदवारांकडून निबंध मागवले जातात व त्यानंतर मुलाखती होतात. नुसत्या पाठांतरावर निबंध निभत नाही. आपल्या तालुक्यातील पाणीपुरवठा किंवा घनकचऱ्याचा प्रश्न प्रत्यक्ष पाहिलेल्या उमेदवाराकडे लिहिण्यासारखे काही असते.

निवड झालेल्यांना गट-अ अधिकाऱ्याच्या समकक्ष दर्जा मिळतो आणि आयआयटी मुंबईमार्फत सार्वजनिक धोरणाचे शिक्षणही मिळते. मानधन दर वर्षी सारखे नसते: 2023-24 मध्ये प्रवासखर्चासह ते दरमहा 75,000 रुपये होते, तर 2025-26 साठी 61,500 रुपये ठरले. त्यामुळे त्या त्या वर्षीचा शासन निर्णय मुळातून वाचावा. फेलोशिपमुळे शासकीय नोकरीचा हक्क मिळत नाही.

जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र, पदवीच्या सर्व गुणपत्रिका, श्रेणी असल्यास विद्यापीठाचे टक्केवारीत रूपांतराचे पत्र आणि अनुभवाचे दाखले मूळ स्वरूपात जवळ ठेवावेत. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने नाव बदलले असल्यास राजपत्रातील नोंदीची प्रतही सोबत असावी.