दाढ किडण्याआधीचा उपाय: सीलंटची पार्श्वभूमी

दाढ ठणकू लागली की ‘कीड लागली’ म्हणायचे आणि रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ती कीड पाडायची, ही रीत ग्रामीण भागात जुनी आहे. दातात किडा नसतो; तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, विरघळते, ही मांडणी दंतवैद्य डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्ये केली. मुलांच्या दाढांची चावण्याची बाजूच आधी का किडते, याचे उत्तर मात्र दाढेच्या घडणीत आहे: तिथल्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही तळाशी पोचत नाही. या खाचा किडण्याआधीच झाकून टाकणारा थर म्हणजे सीलंट.

१९२३ मध्ये दंतवैद्य हायट यांनी सुचवलेला उपाय आज आडदांड वाटतो. किडण्यापूर्वीच निरोगी दाढेची खाच कोरून ती चांदीने भरून टाकावी, असे त्यांचे म्हणणे होते. दाढ न कोरता खाच बुजवायची, तर इनॅमलला चिकटून राहील असा पदार्थ हवा होता आणि तो नव्हता.

ही अडचण सोडवण्याची वाट अमेरिकेतील रोचेस्टर येथील दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांना धातूला रंग देण्याच्या धंद्यात दिसली. रंग नीट धरावा म्हणून तिथे धातूवर आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. १९५५ मध्ये त्यांनी दाखवले की ८५ टक्के तीव्रतेचे हेच आम्ल ३० सेकंद लावल्यास इनॅमल सूक्ष्म खडबडीत होते आणि त्यावर कृत्रिम राळ (रेझिन) घट्ट बसते. १९६७ मध्ये क्वेटो आणि बुओनोकोर यांनी खाचा बुजवण्याचा पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातले सायनोअॅक्रिलेट हे चिकट द्रव्य तोंडात टिकाऊ नव्हते, म्हणून पुढे राफाएल बोवेन यांनी १९६२ मध्येच पेटंट घेतलेली बिस-जीएमए राळ वापरात आली. आधी अतिनील आणि नंतर साध्या दृश्य प्रकाशाने ती घट्ट करता येऊ लागली.

मराठवाड्यात या इतिहासाला एक वेगळा पदर आहे. नांदेडमधील किनवटसह काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त असते आणि दातांवर डाग पडतात, त्यामुळे दात किडू नयेत म्हणून इतर देशांनी केला तसा पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचा उपाय तिथे सुचवणेच चुकीचे ठरते. शिवाय फ्लोराइडचा आधार दाताच्या सपाट बाजूंना जास्त, खाचांना कमी मिळतो. सीलंट या वादापासून अलिप्त आहे, कारण त्याचे काम खाच झाकणे एवढेच असते. फक्त फ्लोरोसिस झालेले, म्हणजे जास्त फ्लोराइडने बिघडलेले, इनॅमल आम्लाला दाद देत नाही, म्हणून तिथे आम्ल जास्त वेळ लावावे लागते.

वेळ हाच या उपायाचा कणा आहे: दाढ आल्यावर ती किडण्याआधी सीलंट बसवायचे असते. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांमागे येते. तिच्या जागी कोणताही दात पडत नसल्याने पालक तिला दुधाचीच समजतात. दुसरी बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची तपासणी वर्षातून एकदा होते आणि तिच्यात दातांचे आजारही येतात. बीडमधील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. तपासणी त्यानंतर ठेवली, तर सोबत गेलेली मुले तिच्यातून सुटतात; आणि सीलंट बसवले असले, तरी ते निघाले का हे पाहणारे कुणी उरत नाही.