टी-जोड हाच डिफरन्शियल. फ्लो डिव्हायडर हे त्याचे लॉक

‘फ्लो डिव्हायडर (तेलाचा प्रवाह वाटून देणारे साधन) म्हणजे हायड्रॉलिक डिफरन्शियल’ हे वाक्य इतक्या विश्वासाने लिहिले जाते की ते सपशेल उलटे आहे असे सांगणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहतात. चाकांवर हायड्रॉलिक मोटरी (पंपाच्या दाबाखालील तेलाने फिरणाऱ्या) बसवलेल्या वाहनात डिफरन्शियलचे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देण्याचे, काम एका नळीचे दोन फाटे करणारा साधा टी-जोड करतो, तेही फुकटात.

गिअरचा डिफरन्शियल सर्वांना ठाऊक आहे: टॉर्क (फिरवण्याचा जोर) दोन्हीकडे सारखा, वेग मात्र ज्या चाकाला जसा हवा तसा. टी-जोडाने समांतर जोडलेल्या दोन सारख्या मोटरींचेही तेच होते. एक चाक चिखलात घसरले की दाबमापकाचा काटा खाली येतो, तेल त्याच चाकाकडे धावते आणि कोरड्या जमिनीवरचे चाक ढिम्म राहते.

फ्लो डिव्हायडर दाबाकडे न पाहता तेलाचे समान वाटे करतो. मोटरचा वेग तिला मिळणाऱ्या तेलावर ठरत असल्याने दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरवण्याचा त्याचा हट्ट असतो, डिफरन्शियलचे लॉकही हेच करते, आणि चिखलातून बाहेर पडताना हाच हट्ट कामी येतो.

वळणावर मात्र तो अंगाशी येतो. दोन चाकांत 1.5 मीटर अंतर असलेले वाहन मध्यापासून 3 मीटर त्रिज्येने वळत असेल, तर आतले चाक 2.25 आणि बाहेरचे 3.75 मीटर त्रिज्येवर चालते. पंप मिनिटाला 60 लिटर देत असेल, तर आतल्या मोटरला 22.5 आणि बाहेरच्या मोटरला 37.5 लिटर तेल हवे असते. डिव्हायडर मात्र दोघींना 30-30 देतो. आतले चाक जमिनीवर खरडते, तर बाहेरचे चाक जमिनीच्या ओढीने आपल्या मोटरलाच पंपासारखे फिरवते, तिच्या तोंडाशी तेल अपुरे पडते आणि कॅव्हिटेशनचा (तेलात पोकळ बुडबुडे होऊन फुटण्याचा) खडखडाट ऐकू येतो. हा आवाज ऐकून चांगली मोटर बदलणारे मी पाहिले आहेत. तक्रार अर्थातच तशीच राहिली.

यावर उपाय म्हणून दोन्ही वाटांमध्ये बारीक छिद्राची आडवाट ठेवतात, जिच्यातून वरच्या हिशेबातले 7.5 लिटर इकडून तिकडे जाऊ शकतात. पण छिद्र मोठे केले की फिरून टी-जोडच हाती येतो. म्हणून माझी पसंती चालकाच्या बटणावर उघडमीट होणाऱ्या, दोन्ही वाटा जोडणाऱ्या बायपास व्हॉल्व्हला आहे: एरवी उघडा, चिखलात बंद.

स्पूलचा (सरकत्या दट्ट्याने छिद्रे कमीजास्त करणारा) डिव्हायडर आणि गिअरचा डिव्हायडर यांतला फरक थोडक्यात आटोपतो. स्पूलचा प्रकार छोटा, पण कमी दाबाच्या वाटेतले तेल अरुंद फटीतून जायला लावून जास्तीची शक्ती उष्णतेत घालवतो. शिवाय छिद्रातला दाबफरक प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे प्रवाह निम्मा झाला की दाबफरक चौथाई उरतो आणि रांगत्या वेगाला वाटणी ढिसाळ होते. गिअरच्या प्रकारात दोन्ही विभाग एकाच शाफ्टवर असल्याने हलक्या बाजूची शक्ती जड बाजूला मिळते, आणि घसरणाऱ्या बाजूचा दाब शून्याजवळ आला तर दुसरीकडे आत येणाऱ्या दाबाच्या जवळपास दुप्पट दाब चढू शकतो. त्यामुळे प्रत्येक वाटेला स्वतंत्र रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) लागतो. पंपाजवळच्या एकाच व्हॉल्व्हला हा वाढीव दाब दिसतच नाही.